वाचकांचे प्रश्न : चवथीच्या रोषणाईपासून टाकीच्या बझरपर्यंत

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की या सदराकडे एलईडी, अ‍ॅडॉप्टर आणि रेझिस्टर (करंटाला अडवणारा छोटा भाग) यांविषयीची पत्रे वाढतात. यंदाची बहुतेक पत्रे नवशिक्यांची आहेत. सारखे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या) चौकटीभोवती लावायला २४ पांढऱ्या एलईडी आणल्या. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घरात होता. सगळ्या एलईडी समांतर (प्रत्येकीची दोन टोके त्याच दोन वायरींना) जोडून सुरुवातीला एक रेझिस्टर लावला. काही लख्ख पेटल्या, काही मंद, आणि थोड्या वेळाने रेझिस्टर काळा पडून दोन एलईडी गेल्या. रेझिस्टर कितीचा हवा होता? — एक वाचक, फोंडा

चूक रेझिस्टरच्या आकड्यात कमी आणि जोडणीत जास्त आहे. पांढरी एलईडी पेटायला साधारण ३ ते ३.४ व्होल्ट घेते, हिशेबासाठी ३.२ धरू. पण या एलईडीत व्होल्टेज जरासे वाढले की करंट कितीतरी पटींनी वाढतो. एकाच पुडीतल्या दोन एलईडींमध्ये ०.१ व्होल्टचा फरक सहज असतो, आणि तेवढ्यावर एकीतून दुसरीच्या दुप्पट करंट जाऊ शकतो. जिच्यातून जास्त जातो ती तापते, तापली की तिला लागणारे व्होल्टेज आणखी उतरते आणि ती अजून करंट ओढते. शेवटी ती जळते आणि तिचा वाटा उरलेल्यांवर पडतो. म्हणून समांतर जोडणीत प्रत्येक फांदीला तिचा स्वतःचा रेझिस्टर लागतो.

रेझिस्टर का काळा पडला तेही पाहा. २४ एलईडींना प्रत्येकी १५ मिलिअँपिअर म्हणजे एकूण ३६० मिलिअँपिअर. रेझिस्टरवर उरतात १२ वजा ३.२, म्हणजे ८.८ व्होल्ट. दोन्हींचा गुणाकार ३ वॅटच्या वर जातो. दुकानात मिळतो तो साधा रेझिस्टर पाव वॅटचा असतो.

आता योग्य जोडणी. तीन एलईडी एकसर जोडा, म्हणजे एकीचा मायनस पुढचीच्या प्लसला. अशा आठ माळा होतील. एका माळेला ९.६ व्होल्ट लागतात, रेझिस्टरसाठी २.४ उरतात. २.४ भागिले ०.०१५ म्हणजे १६० ओहम (ओहम हे रेझिस्टरच्या अडथळ्याचे माप). बाजारात १५० आणि १८० मिळतात, १८० घ्या. करंट १३ मिलिअँपिअर होईल, उजेडातला फरक डोळ्यांना कळणार नाही आणि एलईडी टिकेल. आठही माळांचा मिळून करंट सुमारे १०७ मिलिअँपिअर, म्हणजे ५०० मिलिअँपिअरचा अ‍ॅडॉप्टर भरपूर झाला. त्यावर १ किंवा २ अँपिअर लिहिले असले तरी घाबरू नका. तो आकडा अ‍ॅडॉप्टरच्या क्षमतेचा आहे. किती करंट वाहायचा ते तुमचे सर्किट ठरवते. चार एलईडींची माळ मात्र करू नका. तिला १२.८ व्होल्ट लागतात, ती नीट पेटणारच नाही.

जोडण्यापूर्वी अ‍ॅडॉप्टरचे व्होल्टेज मीटरवर मोजा. हातात जड लागणारे जुने ट्रान्सफॉर्मरवाले अ‍ॅडॉप्टर लोड (म्हणजे चालवायचे काही) जोडलेला नसताना १२ ऐवजी १६-१७ व्होल्ट देतात. १७ व्होल्टला याच माळेतून ४० मिलिअँपिअरच्या वर करंट जाईल, आणि ५ मिलिमीटरच्या एलईडीची मर्यादा साधारण २० असते. हलका, नव्या पद्धतीचा अ‍ॅडॉप्टर १२ म्हणजे १२च्या आसपासच देतो.

२३० व्होल्टवर थेट चालणाऱ्या स्वस्त माळा माटोळीत गुंफू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ओले नारळ, पाने, फळे, आणि ते बांधताना हात लावणारी घरातली सगळी माणसे. तिथे पातळ इन्शुलेशनच्या वायरीत भर व्होल्टेज नको. १२ व्होल्टच्या माळेतही प्रत्येक सांध्यावर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवा आणि अ‍ॅडॉप्टर माटोळीपासून दूर, कोरड्या जागी ठेवा.

प्रश्न : रेझिस्टरवरचे पट्टे कोणत्या बाजूने वाचायचे? माझ्याकडे पिवळट रंगाच्या रेझिस्टरवर चार पट्टे आहेत आणि निळ्यांवर पाच. शिवाय गणिताने ४६७ ओहम आले, तर दुकानदार म्हणतात असा रेझिस्टरच नसतो. — नववीतील विद्यार्थिनी, साखळी

दुकानदारांचे बरोबर आहे. नेहमीचे रेझिस्टर ठरावीक आकड्यांतच बनतात : १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ आणि त्यांच्या दहापटी, शंभरपटी. तुझ्या ४६७ ला सगळ्यात जवळचा ४७०. तो घे. नेमका आकडा सापडला नाही तर एलईडीसाठी नेहमी पुढचा मोठा घ्यायचा.

रंगांचे आकडे असे : काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर सोनेरी पट्टा उजव्या हाताला धर आणि डावीकडून वाच. पहिले दोन पट्टे म्हणजे आकडे, तिसरा म्हणजे पुढे किती शून्ये. पिवळा, जांभळा, तपकिरी म्हणजे ४, ७ आणि एक शून्य : ४७०. सोनेरी पट्टा सांगतो की खरी किंमत ५ टक्के इकडेतिकडे असू शकते. पाच पट्ट्यांत पहिले तीन आकडे असतात आणि चौथा शून्यांचा. तोच ४७० तिथे पिवळा, जांभळा, काळा, काळा आणि शेवटी तपकिरी असा दिसेल. हा शेवटचा तपकिरी म्हणजे १ टक्का.

निळ्या रेझिस्टरवर दोन्ही टोकांना तपकिरी पट्टा असला की बाजू ओळखणे कठीण जाते, आणि निळ्या पार्श्वभूमीवर लाल, तपकिरी, नारिंगी सारखेच भासतात. अशा वेळी डोळ्यांपेक्षा मीटरवर विश्वास ठेव. मोजताना रेझिस्टर सर्किटमधून निदान एका पायाने सुटा केलेला असावा, नाहीतर बाजूच्या वाटेने जाणारा करंटही मोजला जातो. दोन्ही पाय दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून धरू नकोस. लहान रेझिस्टरला काही होत नाही, पण १० लाख ओहमचा, म्हणजे १ मेगओहमचा रेझिस्टर घामेजलेल्या हातांत बराच कमी दाखवतो, कारण तुझे शरीर त्याला समांतर जोडले जाते.

प्रश्न : १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, १एन४००७ चे चार डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग), १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कॅपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) आणि ७८०५ (स्थिर ५ व्होल्ट देणारा आयसी) घेऊन ५ व्होल्टचा सप्लाय केला. कॅपॅसिटर वरून फुगला आहे आणि ७८०५ ला बोट लावता येत नाही. ३०० मिलिअँपिअरच्या आसपास लोड आहे. — आयटीआयचा विद्यार्थी, म्हापसा

ट्रान्सफॉर्मरवरचे १२ व्होल्ट हे एसीचे सरासरी प्रकारचे माप आहे. लाटेचे टोक त्याच्या १.४१४ पट, म्हणजे १७ व्होल्टपर्यंत जाते. चार डायोडच्या जोडणीत, म्हणजे ब्रिजमध्ये, एका वेळी दोन डायोड वाटेत असतात, ते मिळून १.४ व्होल्ट खातात. कॅपॅसिटरवर पोचतात सुमारे १५.६. कागदावर हे १६च्या आत बसते. प्रत्यक्षात लोड कमी असताना ट्रान्सफॉर्मर जास्त देतो आणि रात्री उशिरा घरातल्या विजेचे व्होल्टेज २४० च्या वर गेले की तेही वाढते. म्हणून इथे २५ व्होल्टचाच कॅपॅसिटर लागतो. फुगलेला पुन्हा वापरू नका. नवा बसवताना अंगावरच्या पट्ट्याकडचा पाय मायनसला जातो हे दोनदा तपासा. उलटा लागलेला असा (इलेक्ट्रोलिटिक) कॅपॅसिटर आतून तापतो, गॅस धरतो आणि फुटतो. पहिल्यांदा सुरू करताना चेहरा त्यावर झुकलेला नसावा.

७८०५ ची गोष्ट साध्या गुणाकाराची आहे. आत सुमारे १५ व्होल्ट, बाहेर ५. मधले १० व्होल्ट गुणिले ०.३ अँपिअर म्हणजे ३ वॅटची नुसती उष्णता. हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय) या आकाराचे पॅकेज एका वॅटला साधारण ६५ अंशांनी तापते. ३ वॅट ते पेलू शकत नाही. आतले संरक्षण त्याला बंद पाडते आणि सप्लाय अधूनमधून जातो-येतो. ट्रान्सफॉर्मर ९ व्होल्टचा घ्या. मग कॅपॅसिटरवर ११.३ व्होल्ट येतील, उष्णता २ वॅटच्या आत उतरेल आणि हाताच्या अंगठ्याएवढे हीटसिंक पुरेल. यापेक्षा खाली जाताना जपा, कारण ७८०५ ला आत निदान ७ ते ७.५ व्होल्ट हवेत, आणि तेही व्होल्टेज वर-खाली होते त्या लहरींच्या तळाशी. ३०० मिलिअँपिअरला १००० मायक्रोफॅरडवर सुमारे ३ व्होल्टची लहर येते. म्हणजे ११.३ चे तळाला ८.३ होतात. थोडी जागा उरते. २२०० मायक्रोफॅरड घातला तर चांगली उरते. ७८०५ च्या पायांजवळ आतल्या बाजूला ०.३३ आणि बाहेरच्या बाजूला ०.१ मायक्रोफॅरडचे छोटे कॅपॅसिटर लावा, नाहीतर तो आतल्या आत थरथरू लागतो. ०.१ मायक्रोफॅरडवर १०४ असे छापलेले असते : १०, पुढे चार शून्ये, पिकोफॅरडमध्ये.

ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची बाजू बंद डब्यात, फ्यूजसह, आणि शिक्षकांनी तपासल्यावरच प्लगला लावा. शिकण्यासाठी हा सप्लाय एकदा जरूर करावा. रोजच्या प्रयोगांना मात्र ५ व्होल्टचा चांगला मोबाइल चार्जर जास्त सुरक्षित आहे.

प्रश्न : कुळागराच्या (बागायतीच्या) टाकीवर पाणी भरल्याचे कळावे म्हणून बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि ९ व्होल्टचा बझर लावला आहे. उन्हाळ्यात ठीक चालला. जून लागल्यापासून टाकी अर्धी असतानाही रात्री बारीक आवाजात किणकिणतो. याच ट्रान्झिस्टरने पंपही बंद करता येईल का? — एक बागायतदार, वाळपई

तुमच्याकडे ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर या दोन पायांच्या मध्ये रेझिस्टर नसावा. बीसी ५४७ चा सपाट चेहरा आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे पाय येतात. बेसमध्ये शिरलेला करंट तो कलेक्टरमध्ये दोनशे-तीनशे पटींनी वाढवतो. हेच त्याचे काम. पावसाळ्यात वायरीच्या सांध्यावर, स्क्रूंच्या मधल्या लाकडावर, बोर्डावर ओलावा बसतो. त्याचा रोध (करंटाला होणारा अडथळा) समजा ५ लाख ओहम असला तरी ९ व्होल्टवर १६ मायक्रोअँपिअर वाहतात. तेवढ्याचे कलेक्टरमध्ये ३ ते ५ मिलिअँपिअर होतात आणि बझर कुजबुजू लागतो.

बेस ते एमिटर २२ किलोओहम लावा. ट्रान्झिस्टर जागा व्हायला बेसवर ०.६ व्होल्ट यावे लागतात, आणि तोवर हा रेझिस्टर २७ मायक्रोअँपिअर गिळतो. ओलाव्याचा करंट तिथेच संपतो. पाण्यातून येणारा मात्र पुरून उरतो : टाकीत सोडलेल्या दोन काड्यांमधल्या पाण्याचा रोध ५० किलोओहम धरला आणि बेसला १० किलोओहमचा रेझिस्टर असला तर १४० मायक्रोअँपिअर येतात, २७ गेले तरी बझर ठणठणीत वाजतो.

पूर्ण जोडणी अशी : बॅटरीच्या प्लसवरून एक काडी, दुसऱ्या काडीवरून १० किलोओहम, तिथून बेस, बेस ते एमिटर २२ किलोओहम आणि त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरड, कारण टाकीपर्यंतची लांब वायर आजूबाजूचा विजेचा गोंगाट ओढून आणते. एमिटर बॅटरीच्या मायनसला. बझरचा प्लस बॅटरीच्या प्लसला, मायनस कलेक्टरला. काड्या म्हणून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा, एकमेकांपासून एक-दीड सेंटिमीटरवर, ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या दोन इंच खाली. तांब्याच्या उघड्या वायरी नकोत. डीसी करंटाने प्लसकडचे तांबे विरघळत जाते, हिरवे होते आणि काही महिन्यांत तुटते. शिवाय ते पाण्यात उतरते. भर पावसात पाण्यात क्षार कमी असल्याने ते वीज कमी वाहते. बझर मुका वाटला तर स्क्रू जवळ आणा, किंवा २२ च्या जागी ४७ किलोओहम करा.

पंपाबद्दल : बीसी ५४७ ला १०० मिलिअँपिअरची मर्यादा आहे, पंपाशी त्याचा थेट संबंध येऊ शकत नाही. तो १२ व्होल्टचा छोटा रिले (कॉइलने चालणारा स्विच) चालवू शकतो. ४०० ओहमची कॉइल ३० मिलिअँपिअर घेते. कॉइलवर १एन४००७ उलटा लावा, पट्ट्याची बाजू प्लसला. रिले सुटताना कॉइल शेकडो व्होल्टचा झटका मारू शकते आणि डायोड नसेल तर तो ट्रान्झिस्टरवर जातो. पुढे रिलेने पंपाच्या स्टार्टरचा कॉन्टॅक्टर (मोठ्या करंटाचा रिले) चालवायचा. ते काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. आणि गडगडाट सुरू झाला की टाकीकडून येणारी वायर सर्किटपासून काढून ठेवा. उघड्यावरची लांब वायर जवळपास वीज कोसळली तरी धोकादायक व्होल्टेज घरात आणते.

प्रश्न : बॅटरीत किती करंट आहे ते पाहायला मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून बॅटरीला लावला. ठिणगी उडाली, आता करंट मोजत नाही. — एक वाचक, काणकोण

आतला फ्यूज गेला आहे; मागचे झाकण उघडून तेवढ्याच मापाचा बसवा. तार घालून भागवू नका. अँपिअरवर मीटर जवळजवळ सरळ तारेसारखा असतो, म्हणून तो बॅटरीच्या दोन टोकांना नव्हे, तर सर्किटची वाट तोडून मध्ये लावायचा. बॅटरीत “करंट किती” असे मोजता येत नाही. तो लोडवर अवलंबून असतो. मोजून झाले की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. स्वस्त मीटरांत १० अँपिअरच्या भोकाला बहुधा फ्यूजच नसतो. मीटरची स्वतःची बॅटरी उतरली की तो व्होल्टेज जास्त दाखवू लागतो, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : दिवाळीच्या पहाटे जाळतात त्या नरकासुराच्या पुतळ्याच्या डोळ्यांत लाल एलईडी लुकलुकवायच्या आहेत. ५५५ हा टायमर आयसी वापरायचा आहे. दुचाकीची १२ व्होल्टची बॅटरी चालेल का? मान हलवायला एक छोटी मोटरही आहे. — वाड्यावरची मुले, ताळगाव

चालेल. ५५५ हा हान्स कामेंझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्ससाठी आखलेला आयसी आजही या कामाला उत्तम आहे.

आयसीवरची खाच डावीकडे ठेवली तर पायांचे नंबर असे : खालच्या रांगेत डावीकडून १ ते ४, वरच्या रांगेत उजवीकडून ५ ते ८. ८ आणि ४ प्लसला, १ मायनसला. ८ ते ७ मध्ये ४.७ किलोओहम, ७ ते ६ मध्ये ६८ किलोओहम. ६ आणि २ एकमेकांना. २ पासून मायनसला ४.७ मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा, पट्ट्याची बाजू मायनसकडे. ५ पासून मायनसला ०.०१ मायक्रोफॅरड. एवढ्यात सेकंदाला दोनदा उघडझाप होते. गती कमी हवी तर ४.७ च्या जागी १० मायक्रोफॅरड. ७ आणि ८ मधला रेझिस्टर अनावश्यक समजून त्याच्या जागी सरळ वायर लावू नका. तसे केले की प्रत्येक फेरीत ७ नंबरचा पाय थेट सप्लाय मायनसला जोडतो आणि आयसी जातो.

लाल एलईडी २ व्होल्टची धरा. एका डोळ्यात नऊ : तीन-तीनच्या तीन माळा, प्रत्येक माळेला ३३० ओहम, ३ नंबरच्या पायापासून मायनसकडे. ५५५ चे आउटपुट सप्लायपेक्षा दीड व्होल्ट कमी देते, ते धरून माळेला साधारण १५ मिलिअँपिअर येतात. दोन डोळ्यांचे ९० च्या आसपास. ५५५ ते झेपवतो.

मोटर सुरू होताच डोळे अडखळतील. मोटर बॅटरी खेचते आणि तिचे ब्रश सप्लायवर ठिणग्यांचा गोंगाट सोडतात. मोटरच्या वायरी थेट बॅटरीवरून वेगळ्या न्या, तिच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरड, आणि ५५५ च्या ८ व १ वर १०० मायक्रोफॅरड व ०.१ मायक्रोफॅरड लावा.

बॅटरीच्या प्लसवर, टोकापासून बोटभर अंतरातच, फ्यूज लागला पाहिजे. डोळ्यांच्या वायरीला १ अँपिअरचा, आणि मोटरच्या वायरीला मोटरच्या करंटापेक्षा थोडा मोठा, वेगळा. दुचाकीची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकड्याच्या घरात अँपिअर सोडू शकते. गवत आणि कागदाच्या पुतळ्यात तापलेली वायर म्हणजे वेळेआधी आग. डोळे दोन-पिनी कनेक्टरवर ठेवा. पहाटे पुतळा पेटवण्यापूर्वी बॅटरी, बोर्ड, मोटर आणि एलईडी बाहेर काढायलाच हवे.

प्रश्न : माझे सोल्डर केलेले सांधे दोन पावसाळ्यांत हिरवे पडतात. घर समुद्राजवळ आहे. — एक वाचक, वास्को

पहिला संशय फ्लक्सवर, म्हणजे सोल्डर नीट चिकटावे म्हणून लावतात त्या द्रव्यावर. पत्र्याच्या कामाला वापरतात ते आम्लाचे फ्लक्स किंवा त्याची पेस्ट बोर्डावर राहिली की खारी, दमट हवा उरलेले काम करते. इलेक्ट्रॉनिक्सला रोझिन (राळेचे फ्लक्स) असलेलीच सोल्डर वायर घ्या : ६०/४० (कथील/शिसे), जाडी ०.८ मिलिमीटरच्या आसपास, २५ वॅटचे आयर्न. आयर्नचे टोक पाय आणि तांबे दोघांना एकदम टेकवा, सोल्डर सांध्याला लावा, टोकाला नव्हे, आणि दोन-तीन सेकंदांत उचला. गार होईपर्यंत हलवू नका. हललेला सांधा दाणेदार, निस्तेज दिसतो आणि पुढे तोच दगा देतो. खिडकी उघडी ठेवा. सोल्डरमध्ये शिसे असते, जेवणापूर्वी हात साबणाने धुवा.

नंतर जुन्या टूथब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून फ्लक्स धुवा, बोर्ड पूर्ण वाळू द्या, आणि पीसीबी लॅकरचे (सर्किट बोर्डासाठीच्या संरक्षक वार्निशचे) दोन पातळ हात मारा. कनेक्टर, प्रीसेट (फिरवून बदलायचा छोटा रेझिस्टर) आणि स्विच यांवर चिकटपट्टी लावून ते आधी झाका, नाहीतर लॅकर आत जाऊन संपर्कच तुटेल. ब्रेडबोर्डावर (सोल्डर न करता पाय खोचायचा बोर्ड) मात्र कायमचे सर्किट ठेवू नका. त्याच्या आतल्या पत्र्याच्या पट्ट्या खाऱ्या हवेत गंजतात, आणि सर्किट टिचकी मारली की चालते, सोडली की थांबते.